छोट्या विमानतळाचा रनवे वाढवायचा म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं (खानदेशचं ऊन आणि काळी माती धरून)

जळगावला चहाच्या टपरीवर विमानतळाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "पाचशे मीटर डांबर टाकायला काय लागतंय भो, महिन्याचं काम." हायवेचं चौपदरीकरण ज्याने इथे राहून पाहिलंय तो खरं तर महिन्याची भाषा करणार नाही, पण ते जाऊ द्या. मी बरीच वर्षं रस्ते आणि धावपट्ट्यांच्या कामावर सर्व्हे आणि मटेरियलच्या बाजूला होतो, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की राहवत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. ग्रामपंचायतीत, कलेक्टर ऑफिसात किंवा साईटवर ज्याला या कामाशी गाठ पडणार आहे त्याला उपयोगी पडेल.

जळगावचंच उदाहरण डोळ्यासमोर ठेवू. तिथे पट्टी पीडब्ल्यूडीने सत्तरच्या दशकात केली, २०१० ला प्रतिभाताई राष्ट्रपती असताना नव्या विमानतळाचं भूमिपूजन झालं, २०१२ च्या मार्चमध्ये उद्घाटन आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये उडान योजनेतलं मुंबईचं विमान. रनवे साधारण पावणेदोन किलोमीटर, एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, उतरतं. शिर्डीला अडीच किलोमीटर आहे म्हणून तिथे मोठी जेट येतात. मग लोक म्हणतात आपलाही वाढवा. वाढवा ना, पण किती? सुरुवात इथूनच होते.

आधी विमान ठरवा, मीटर नंतर

"५०० मीटर वाढवू" असं कधीच सुरू करायचं नाही. कुठलं विमान आणायचंय, ते किती भरून उडणार आणि कुठवर जाणार हे आधी ठरवा. एटीआर ७२ चं जास्तीत जास्त उड्डाण वजन २३ टनांच्या आसपास, मोठ्या जेटचं, म्हणजे एअरबस ए३२० चं, ७८-७९ टन. पंखांच्या मापाने दोन्ही "सी" गटातच बसतात, पण किती लांब रनवे लागतो या हिशोबाचा जो वर्ग असतो, म्हणजे कोड, त्यात एटीआर कोड ३ ला येतं आणि ए३२० कोड ४ ला. कोड बदलला की रनवेची लांबीच काय, बाजूची मोकळी पट्टी, उंचीचे नियम, उताराचे नियम सगळंच बदलतं. म्हणजे निर्णय एका ओळीचा, पण त्याखाली शंभर ड्रॉइंग बदलतात.

आता आपलं ऊन

विमानाची जी मूळ लांबी कंपनी देते ती समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, सपाट जमिनीवर आणि वारा नसताना. आपल्याकडे १५ अंश कधी असतं, तर पौषातल्या पहाटे. गरम हवा विरळ, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर कमी पडतो, म्हणून जास्त धावावं लागतं. अंतरराष्ट्रीय नियमावलीतला ठोकताळा असा आहे की उंचीच्या दर ३०० मीटरला ७ टक्के वाढवा, त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा दर एक अंश जास्त तापमानाला १ टक्का, आणि रनवेच्या दर १ टक्का उताराला १० टक्के.

करून बघू. मूळ लांबी १३०० मीटर धरा, उंची २५० मीटर. उंचीचे ५.८ टक्के लावले की १३७६. तापमान जे धरतात ते एखाद्या दिवसाचं रेकॉर्ड नसतं, सगळ्यात गरम महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी असते, आपल्याकडे मे महिन्याची ४२ धरू. २५० मीटरला प्रमाण तापमान १३.४ येतं, फरक २८.६, म्हणजे तेवढे टक्के. १३७६ चे झाले १७६९. अर्धा टक्का उतार असेल तर अजून ५ टक्के, १८५८ मीटर. तेराशेचे साडेअठराशे झाले आणि अजून आपण साधं एटीआरच्या वर्गातलं विमान बोलतोय. हाच हिशोब मूळ २१०० मीटरवाल्या जेटला लावा, तीन किलोमीटर येतात.

आणि यात एक गंमत आहे जी फक्त आपल्यासारख्या तापलेल्या मुलखातच येते. उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर हा ठोकताळा चालत नाही, स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. वरच्या उदाहरणात ती ३६ टक्के आहे! तेव्हा कोणी कन्सल्टंट नुसता हा हिशोब एका पानावर लावून अहवाल देत असेल तर तिथेच त्याला थांबवा आणि विमान कंपनीच्या परफॉर्मन्स चार्टवरून काढलेले आकडे मागा. कारण प्रत्यक्षात कंपन्या काय करतात, रनवे कमी पडला की वजन कमी करतात, मे महिन्यातल्या दुपारी दहा-पंधरा सीटा रिकाम्या ठेवतात नाहीतर वेळ सकाळची घेतात. सकाळी सातची फ्लाईट मिळत असेल आणि त्यात भागत असेल तर तीनशे मीटर जमीन घ्यायची गरजच पडत नाही, हाही पर्याय टेबलावर असला पाहिजे. बहुतेक वेळा तो कोणी ठेवत नाही, कारण भूमिपूजन करता येत नाही ना त्याचं.

कुठल्या टोकाला वाढवायचा

लोकांना वाटतं जिकडे जमीन मोकळी तिकडे वाढवायचा. जमीन मोकळी असून भागत नाही, वरचं आभाळ मोकळं लागतं.

रनवेच्या टोकापुढे ६० मीटरवरून एक कल्पित तिरकं छत सुरू होतं, इन्स्ट्रुमेंट रनवेला (जिथे पायलट यंत्रांच्या आधाराने उतरू शकतो) २ टक्के चढाचं, म्हणजे दर ५० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्या छतातून काहीही वर डोकावता कामा नये, झाड, मोबाईल टॉवर, जिनिंगची चिमणी, मंदिराचा कळस, काहीही. आता समजा त्या छताच्या सुरुवातीपासून आज १५०० मीटरवर एक हाय टेन्शन लाईनचा मनोरा आहे २५ मीटरचा. तिथे छताची उंची ३० मीटर, मनोरा आत बसतो, कोणाची तक्रार नाही. तुम्ही टोक ५०० मीटर पुढे नेलं की मनोरा १००० मीटरवर आला, छत झालं २० मीटर. मनोरा जागचा हलला नाही आणि तरी ५ मीटरने अडथळा झाला.

म्हणून पहिलं काम ड्रॉइंगचं नाही, पायी फिरायचं. नव्या टोकाच्या जागेपासून सेंटरलाईन धरून निदान तीन किलोमीटर चाला, डीजीपीएस आणि टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं घेऊन, आणि दोन्ही बाजूंना फाकत जायचं कारण ते छत बाजूंना १५ टक्क्यांनी रुंदावत जातं. प्रत्येक झाडाचा शेंडा घ्या. निंबाचं झाड आज १२ मीटर असेल तर दहा वर्षांनी किती होईल तेही लिहा. विमानतळाभोवतीच्या उंचीचे २०१५ चे केंद्राचे नियम आहेत, रंगीत झोनचे नकाशे असतात, नव्या बांधकामाला त्यावरून एनओसी मिळते, पण रनवे लांबला की ते नकाशे बदलतात आणि काल ज्याला चार मजल्यांची परवानगी होती त्याला आज दोनाची मिळते. हे गावकऱ्यांना आधीच सांगा. नंतर कळलं तर ते शिव्या देतात आणि त्यांचं बरोबर असतं.

जमीन: डांबराच्या किती पट लागते ते बघा

पाचशे मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद डांबर म्हणजे सव्वादोन हेक्टर, साडेपाच एकर. हा आकडा सांगून कोणी गावात सभा घेत असेल तर तो एक तर अडाणी आहे नाहीतर बनेल. इन्स्ट्रुमेंट रनवेला दोन्ही बाजूंची सपाट पट्टी मिळून २८० मीटर रुंदी लागते. ५०० गुणिले २८०, म्हणजे १४ हेक्टर, जवळपास ३५ एकर. शिवाय रनवे संपल्यावर ६० मीटर पट्टी आणि तिच्यापुढे रेसा, म्हणजे विमान चुकून पुढे गेलं तर थांबायला मोकळी जागा, कमीत कमी ९० आणि शिफारस २४० मीटर. आज तुमच्याकडे ९० चीच असेल तर नवीन टोकाला २४० करून घ्यायची हीच वेळ. त्यावर कुंपणाच्या आतला गस्तीचा रस्ता, भिंत, आणि अप्रोच लाईट, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला रनवेची वाट दाखवणारे दिवे, लावायचे असतील तर त्यांची लांब चिंचोळी पट्टी, साध्या सिस्टीमला ४२० मीटर आणि कॅट वनला, म्हणजे कमी दिसत असतानाही उतरता येईल अशा सिस्टीमला, ९००.

मोजणीचा दिवस मला नेहमी आठवतो तो एका म्हाताऱ्या बाबांमुळे. आम्ही खुंटी ठोकत होतो आणि आबा बांधावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत तासभर, मग हळूच विचारलं, "मंग आमनी विहीर जाई का भाऊ?" नकाशात विहीर पट्टीच्या बाहेर होती, चार-पाच मीटरने. पण विहिरीवरून वावराला जाणारी पाईपलाईन आणि ठिबकची मेन लाईन पट्टीच्या बरोबर मधून. म्हणजे विहीर राहिली इकडे, केळी राहिली तिकडे, मध्ये भिंत. सातबाऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही. तेव्हापासून मी सांगतो, संयुक्त मोजणीच्या वेळी नुसती गट नंबरची हद्द घेऊ नका, विहीर, बोअर, पाईपलाईन, वीज कनेक्शन, गोठा, फळझाडं, बांधावरची सागवानं, सगळं त्याच दिवशी शेतकऱ्यासमोर लिहा, फोटो काढा, सही घ्या. सातबारा, आठ-अ, फेरफार तलाठ्याकडून आधीच काढून ठेवा. निम्म्या गटांवर वारसांची नोंद झालेली नसते आणि पुण्या-सुरतला गेलेल्या भावांच्या सह्यांसाठी वर्ष जातं.

शिवरस्ता आणि पाणंद विसरू नका. पलीकडच्या दहा शेतकऱ्यांची जमीन तुम्ही घेत नसता, पण त्यांची बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जाणार? वळणरस्ता आधी करून द्या, मग भिंत. उलटं केलं तर भिंतीला रात्रीतून खिंडार पडतं, अनुभव आहे.

मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, त्यात बाजारभाव, ग्रामीण भागाचा गुणक आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम. राज्यात वाटाघाटीने थेट खरेदीचाही रस्ता आहे, त्यात जादा रक्कम मिळते आणि वेळ वाचतो, कोर्टकचेरी कमी. मला विचाराल तर ३५ एकरांसारख्या छोट्या संपादनाला थेट खरेदीच बरी.

परवानग्यांवर फार लिहीत नाही, ती कामं फाईल चालवणारे करतात. पण यादी डोक्यात असू द्या: डीजीसीएची (विमान वाहतुकीचं केंद्राचं नियामक खातं) पूर्वमंजुरी आणि लायसन्समधला बदल, विमानतळ प्राधिकरणाचा उंची आणि प्रोसिजरचा अभ्यास, सुरक्षेसाठी बीसीएएस हे केंद्राचं खातं, पर्यावरण मंजुरीसाठी परिवेश पोर्टल आणि जनसुनावणी, नाला वळवायचा असेल तर जलसंपदा, मुरूम उचलायला तहसीलदाराकडून गौण खनिजाचा परवाना. शेवटचा सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि काम सगळ्यात जास्त त्यानेच अडतं.

माती, म्हणजे खरा विषय

तापीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला सोनं आणि रनवेला शत्रू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. तिच्यावर सरळ खडी-डांबर टाकलं तर दोन वर्षांत रनवेला लाटा येतात. एसटीतून जाताना रस्त्याला लाटा आल्या तर आपण शिवी देऊन मोकळे होतो, इथे विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतं.

टेस्ट पिट दर शंभर मीटरला घ्या, आणि एकटे सेंटरलाईनवर नको, दोन्ही शोल्डरलाही (रनवेच्या कडेच्या पट्ट्या), कारण आपल्याकडे पन्नास मीटरवर माती बदलते, इकडे मुरूम लागतो आणि तिकडे दोन मीटर काळी. एक टेस्ट अशी आहे जी शेतकऱ्यालाही दाखवता येते. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची, दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या सिलिंडरमध्ये, एकात पाणी आणि एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची पातळी बघायची. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १७ असेल तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या वरची माती भरावाला वापरायचीच नाही. त्याबरोबर चार दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्याचं सीबीआर, म्हणजे भार सोसायच्या ताकदीचा आकडा, काढा. काळ्या मातीचं २-३ आलं तर दचकू नका, तेवढंच येतं.

उपाय दोन-तीन आहेत. खोली कमी असेल, मीटर-दीड मीटर, तर सगळी काढून फेका आणि न फुगणारा मुरूम भरा. खोल असेल तर वरच्या थराला चुना मिसळून स्थिर करतात, साधारण ३ ते ५ टक्के, नेमकं प्रमाण लॅबच ठरवेल. पण काहीही करा, पाणी आत जायचा रस्ता बंद केला नाही तर सगळं वाया. शोल्डरच्या बाहेरून खोल गटार, त्याला नीट ढाळ, आणि जुन्या नाल्याचं पाणी पूर्वी कुठून जायचं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, कंटूर मॅपपेक्षा त्याचं बरोबर निघतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका साईटवर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी शोल्डरच्या कडेला गटाराचा चर खणून ठेवला होता, पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, बाकी होतं. मजूर सणाला गावी जाणार म्हणून मी म्हटलं आल्यावर करू, वैशाखात कुठला पाऊस. आखाजीच्या रात्री वळवाचा पाऊस आला, तासभरच, पण असा की टिनं उडाली. चर भरला, पाणी तयार सबग्रेडच्या, म्हणजे थरांखालच्या दाबलेल्या मातीच्या, पोटात शिरलं, आणि तिसऱ्या दिवशी रोलर फिरवला तर जमीन रोलरपुढे उशीसारखी हलत होती. ८० मीटर उकरून परत भरावं लागलं. वरून कोरडं दिसत होतं सगळं! तेव्हापासून माझा नियम एकच, उघडा चर ठेवून कोणी सणाला जायचं नाही, मीसुद्धा नाही.

त्यावरचे थर नेहमीचे, जीएसबी (खालचा मुरूम-खडीचा थर), डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), मग डांबरी थर. प्रत्येक थराची घनता वाळू भरून तपासायची, तिथे "झालं साहेब" चालत नाही. उन्हाळ्यात डब्ल्यूएमएममधलं पाणी टिप्परमध्येच उडून जातं, म्हणून दुपारी १२ ते ४ तो थर टाकूच नका, सकाळी आणि रात्री टाका. डांबराचा ग्रेडही बघा, सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ४५ च्या वर जाणाऱ्या भागाला व्हीजी-४०, म्हणजे जास्त घट्ट डांबर, सांगितलंय. कुणी व्हीजी-३० स्वस्तात मिळतंय म्हणून आणलं तर गाडी गेटवरूनच परत पाठवा.

जुना आणि नवा जोड

जुनी पट्टी वर्षानुवर्षं दबून बसलेली, नवी अजून बसायची. तिथे सरळ उभा काप ठेवला तर पहिल्याच वर्षी आडवी भेग येते. करवतीने कापून पायऱ्या करायच्या, प्रत्येक थराची पायरी निदान ३०० मिलीमीटर मागे, टॅक कोट (थर चिकटायला पातळ डांबराचा फवारा), आणि शेवटचा डांबरी थर जुन्या भागावर लांबवर चढवत न्यायचा म्हणजे चाकाला जोड कळत नाही. उतारही मोजा, कोड ४ ला पहिल्या आणि शेवटच्या चतुर्थांश लांबीत ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. वाढवलेला तुकडा हा कायम शेवटच्या चतुर्थांशातच येतो हे डिझाईन करणारे विसरतात.

आणि मोठं विमान आणायचं असेल तर जुना रनवेही तेवढा मजबूत लागतो. ताकदीचा आकडा, आधी पीसीएन होता, २०२४ च्या नोव्हेंबरपासून पीसीआर, तो जुन्या भागाचा कमी निघाला तर जेटसाठी नव्या पाचशे मीटरचा उपयोग शून्य. जुन्यावर ओव्हरले, म्हणजे वरून नवा थर, लागेल का हे पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.

विमानं चालू असताना काम करायचं तर वेळेचा खिडकीसारखा तुकडा मिळतो. त्यासाठी नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीची सूचना, निघतो, शेवटच्या फ्लाईटनंतर आत जायचं आणि पहाटे ठरलेल्या वेळेआधी बाहेर. निघताना सगळ्यांनी रांगेत चालत पट्टी झाडायची, एक खडा, एक बोल्ट, एक गुटख्याची पुडी राहता कामा नये, कारण इंजिन ते ओढून घेतं. मी तर माणसं मोजायचो तशी घमेली आणि फावडी मोजायचो.

लाईट, फायर आणि शेवटचा कागद

कडेचे दिवे ६० मीटरच्या आत एक, थ्रेशोल्डला, म्हणजे उतरायला जिथून रनवे सुरू होतो तिथे, हिरवे, टोकाला लाल. शेवटच्या ६०० मीटरचे कडेचे दिवे पायलटला पिवळे दिसतात, रनवे संपत आला हे कळायला. रनवे लांबला की जुन्या भागातले पिवळे फिल्टर काढून पांढरे बसवायचे असतात, आणि नेमकं हेच राहून जातं कारण ते दिवे "नवीन कामात" मोजलेले नसतात. उतरताना कोन दाखवणारे चार दिवे, त्यांचं नाव पापी, (हो, आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो) ते नव्या थ्रेशोल्डप्रमाणे हलवून विमानाने उडून तपासून घ्यावे लागतात.

फायरचं लक्षात ठेवा. विमानाच्या आकारावरून आग विझवायच्या तयारीची कॅटेगरी ठरते, एटीआरला पाचवी चालते, ए३२० ला सहावी, म्हणजे पाणी, फोम, गाडी सगळं वाढतं. आणि गाडी रनवेच्या कुठल्याही ठिकाणी तीन मिनिटांत पोचली पाहिजे, दोनात पोचली तर उत्तम. रनवे एका बाजूला ५०० मीटर लांबला आणि फायर स्टेशन दुसऱ्या बाजूला असेल तर स्टॉपवॉच घेऊन गाडी पळवून बघा, पावसात आणि रात्रीसुद्धा.

मग डीजीसीएची तपासणी, आणि नवे आकडे एआयपीत, म्हणजे विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तकात, छापून यायचे. हे २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने लागू होतात, मोठा बदल असेल तर माहिती बरीच आधी, शक्यतो ५६ दिवस, पोचवायची. छापले जातात ते चार आकडे, दोन्ही दिशांचे वेगवेगळे: धावायला किती, उड्डाणाला किती, उड्डाण सोडून थांबायला किती, उतरायला किती. त्या २५ मीटरच्या मनोऱ्यामुळे थ्रेशोल्ड जुन्याच जागी ठेवावा लागला तर त्या बाजूने उतरताना लांबी जुनीच मिळते, एक मीटरही वाढत नाही, भले डांबर पाचशे मीटर जास्त दिसत असेल. पेपरात "रनवे सव्वादोन किलोमीटर" आलं तरी पायलट एआयपीतलाच आकडा बघतो. तेव्हा मनोऱ्याची फाईल वीज कंपनीकडे पाठवायची तर मोजणीच्याच महिन्यात पाठवा, डांबर पडल्यावर नाही.

विमानं सुरू झाल्यावरही लेव्हल मशीन कपाटात टाकू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना खुणा मारून ठेवा आणि पहिल्या वर्षी पाऊस लागायच्या आधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा, दिवाळीनंतर जमीन सुकल्यावर एकदा आणि मे महिन्यात परत एकदा रीडिंग घ्या. नव्या बाजूचे आकडे पोळ्याला वर गेले आणि मेमध्ये खाली आले तर डांबराला हात लावू नका, आधी गटार उघडून बघा पाणी कुठे तुंबलंय.